बक्षिसाचा हिशेब

माकड कोडे कशासाठी सोडवते? खाऊसाठी, असे उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक मानसशास्त्रज्ञांनी दिले असते. भूक, तहान, वेदना, बक्षीस आणि शिक्षा एवढ्यातच प्रेरणेचा विचार संपत असे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी रीसस माकडांपुढे खिटी, आकडा व कडी असलेले कोडे नुसतेच ठेवले. खाऊ नव्हता, तरी माकडे ते उघडत राहिली व तरबेज झाली. पुढे कोड्यात खाऊ ठेवल्यावर मात्र जमलेले काम बिघडू लागले. हे निष्कर्ष १९५० साली प्रसिद्ध झाले; हार्लो पुढे माय-लेकरांच्या नात्याच्या अभ्यासाकडे वळले.

एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील असाच प्रयोग प्रसिद्ध केला. कोडे सोडवण्याचे पैसे देऊन मग ते बंद केले, तेव्हा मोकळ्या वेळात कोड्याशी रमणे कमी झाले. विद्यार्थी अवघे २४, फरकही बेताचाच. तेवढ्यावर आम्ही फार भार टाकणार नाही.

आपल्या कामाचा प्रयोग १९७३ सालचा. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली ५१ मुले निवडली. एका गटाला आधीच सांगितले, ‘चित्र काढलेस तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल.’ दुसऱ्या गटाला तेच प्रशस्तिपत्र, पण न सांगता, चित्र झाल्यावर. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेने पुन्हा मांडली. आमिष दाखवलेली मुले मोकळ्या वेळापैकी सुमारे ९ टक्के वेळ चित्रांत रमली. बाकीचे दोन्ही गट १७-१८ टक्के. म्हणजे घात प्रशस्तिपत्राने नव्हे, ‘काढलेस तर’ या अटीने केला! आवडीचा खेळ मुलांच्या मनात कामगिरी होऊन बसला, असा संशोधकांचा अर्थ.

वाद येथे मिटला नाही. १९९४ साली कॅमेरॉन व पिअर्स यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासून बक्षिसांचा धोका फुगवलेला असल्याचे म्हटले. १९९९ साली डेसी, कोस्टनर व रायन यांनी १२८ प्रयोगांची छाननी करून उत्तर दिले : आवडीच्या कामावर अटीचे बक्षीस मारकच, कंटाळवाण्या कामाला ते बाधत नाही. तोंडी शाबासकीने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची गोडी वाढते, पण लहान मुलांत तसा परिणाम त्यांना आढळला नाही.