जुन्या अ‍ॅल्युमिनियम सायकलला नवे पार्ट बसवताना

आपल्याकडे सायकल म्हणजे लोखंडाची. हिरो, अ‍ॅटलस, हर्क्युलिस, बीएसए. फ्रेम वाकली तर सायकलवाला ताकद लावून सरळ करतो, तुटली तर वेल्डिंग मारून देतो. मग १९७०-८०च्या दशकातली परदेशी बनावटीची अ‍ॅल्युमिनियम रेसिंग सायकल हाती लागली, की तिच्यावरही हीच कारागिरी चालते. आणि तिथेच ती फ्रेम कायमची बाद होते.

या सायकलींचा काळ थोडक्यात असा. इटलीच्या 'अ‍ॅलन'ने १९७२ पासून नळ्या आटे पाडून आणि चिकटवून जोडलेल्या फ्रेम विकल्या. फ्रान्सची 'व्हिटस ९७९' १९७९च्या सुमारास आली. तिच्या नळ्या सांध्यांवर चढवून एपॉक्सीने चिकटवलेल्या होत्या, वेल्डिंग कुठेच नाही. आयर्लंडचा शॉन केली अशाच फ्रेमवर मोठमोठ्या शर्यती जिंकत होता. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेच्या 'कॅननडेल'ने जाड व्यासाच्या नळ्या वेल्ड करून वेगळी वाट धरली. त्याला कारण होतं. अ‍ॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही एक तृतीयांशच. व्हिटसच्या बारीक नळ्या म्हणूनच जोर लावला की लवतात. तो दोष नव्हे, स्वभाव आहे.

खरा फरक थकव्याचा. पोलादावर ठराविक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा आला तरी ते सहसा तुटत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, लहान धक्केही साठत जातात. त्यामुळे पार्ट विकत घेण्याआधी फ्रेम तपासायची. उलटं केलं तर पैसे वाया.

आधी सगळे पार्ट उतरवून फ्रेम साबणाच्या पाण्याने धुवावी. मग भिंग घेऊन हँडलजवळचा सांधा, सीटखालचा सांधा, क्रँकच्या मागच्या नळ्या आणि मागचं चाक बसतं त्या खाचा पाहाव्यात. केसाएवढी रेघ दिसली तर तो ओरखडा की भेग, हे डोळ्यांनी ठरत नाही. बेळगाव-कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना यासाठीची 'डाय पेनिट्रंट' चाचणी माहीत आहे: लाल रंग फवारायचा, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर मारायचा. भेग असेल तिथे लाल रेघ उमटते. चिकटवलेल्या फ्रेममध्ये आणखी एक पाहायचं. क्रँकच्या बाजूला पायाने दाब दिल्यावर कुठल्या सांध्यात करकर येते का, नळी सांध्यात किंचित फिरते का? फिरत असेल तर ती फ्रेम भिंतीवर टांगावी. घरी आणलेलं एपॉक्सी वरून लावून तो सांधा रस्त्यावर चालण्याजोगा होत नाही.

अडकलेला सीट पोस्ट हे दुसरं संकट. लोखंडी फ्रेममध्ये अडकलेला अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट काही जण कॉस्टिक सोडा ओतून विरघळवतात. इथे सोडा फ्रेमच खाऊन टाकेल. गॅसची टॉर्चही नको, उष्णतेने चिकटवलेला सांधा सुटतो. गंज सैल करणारं तेल टाकून दोन-तीन दिवस वाट पाहावी. तरीही हलला नाही तर पोस्ट आतून करवतीच्या पात्याने उभा चिरत काढावा. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा रस्ता नाही. रंगाचंही तसंच: पावडर कोटिंगची भट्टी साधारण १८० ते २०० अंशांवर चालते, तिथे चिकटवलेली फ्रेम अजिबात द्यायची नाही.

आता नवे पार्ट. त्या काळच्या ६-७ गिअरच्या फ्रेममध्ये मागच्या हबसाठी १२६ मिमी जागा असते, पुढच्या काळातल्या ८ ते ११ गिअरच्या रिम ब्रेकवाल्या रोड हबला १३० मिमी लागते. लोखंडी फ्रेम हाताने फाकवून हे ४ मिमी मिळवतात, अ‍ॅल्युमिनियमची कधीच फाकवू नये. त्यापेक्षा ७ गिअरचा फ्रीहब असलेला १२६ मिमीचा हब घ्यावा. त्यावर ९ गिअरच्या कॅसेटमधली ८ चक्रं बसतात आणि ९ गिअरचेच शिफ्टर चालतात, फक्त एक क्लिक रिकामी राहते. जुगाड वाटतो, पण अनेकांनी वापरून पक्का केलेला आहे.

ब्रेक बदलल्याचा फायदा मात्र पहिल्याच उतारावर कळतो. नवे ड्युअल पिव्हट ब्रेक जुन्यांपेक्षा कमी जोरात धरतात. घेण्याआधी बोल्टच्या भोकापासून रिमपर्यंतचं अंतर मोजावं, ३९ ते ४९ आणि ४७ ते ५७ मिमी अशी दोन मापं सहज मिळतात. नव्या ब्रेकचा आत बसणारा नट घालायला फ्रेमचं भोक ड्रिलने मोठं करू नये, मागून साधा नट लागणारे ब्रेकही येतात. डिस्क ब्रेकचा विषयच नाही.

क्रँकच्या कपांचे आटे फ्रेंच की इंग्लिश, हे पाहिल्याशिवाय नवा बॉटम ब्रॅकेट कसू नये. फ्रेंच कवचाचा व्यास ३५ मिमी, इंग्लिशचा थोडा कमी, म्हणजे फरक इतका बारीक की चुकीचा कपही दोन वेढे जातो आणि आटे चिरतो. सीट पोस्ट व्हर्नियर कॅलिपरने मोजूनच घ्यावा, अंदाज नको. मूळ चिमटाही अ‍ॅल्युमिनियमचा असेल आणि त्याबद्दल जरासुद्धा शंका असेल, तर १ इंची स्टिअररचा नवा पोलादी चिमटा बसवावा. पुढचा चिमटा तुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

गोवा-कोकणच्या खाऱ्या दमट हवेत स्टीलचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामध्ये ओलावा शिरला, की अ‍ॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडायला लागतं. म्हणून प्रत्येक बोल्टला आणि सीट पोस्टला ग्रीस लावावं, आणि पावसाळा संपला की पोस्ट एकदा बाहेर काढून, पुसून परत बसवावा.