बोरोबुदूरवरील बुद्धचरित्र

मध्य जावातील बोरोबुदूर (इ. स. ८वे–९वे शतक, शैलेंद्र राजवट) येथे पहिल्या प्रदक्षिणापथाच्या मुख्य भिंतीवर, वरच्या ओळीत, बुद्धचरित्राचे १२० शिल्पपट आहेत. आधार ‘ललितविस्तर’ या संस्कृत ग्रंथाचा. पूर्वेच्या जिन्याने चढून ही भिंत उजव्या हाताला ठेवत चालले, की प्रसंग क्रमाने लागतात. आरंभ तुषित स्वर्गात. पुढे मायादेवीचे स्वप्न, लुंबिनीतील जन्म, महाभिनिष्क्रमण, मारविजय आणि शेवटी मृगदावातील पहिला उपदेश. ग्रंथ येथेच थांबतो, म्हणून शिल्पमालाही थांबते. महापरिनिर्वाणाचा पट या मालेत नाही. तो प्रसंग पाहायचा तर अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील भव्य शयनमूर्ती पाहावी.

सांचीच्या शिल्पांशी तुलना केली, तर फरक महाभिनिष्क्रमणाच्या प्रसंगात नीट उमगतो. सांचीच्या पूर्व तोरणावर कंथक घोडा कपिलवस्तूबाहेर पडतो, पण त्याच्या पाठीवर स्वार नाही. वर धरलेल्या छत्रावरून सिद्धार्थ ओळखायचा. त्या काळी बुद्धाचे अस्तित्व बोधिवृक्ष, रिक्त आसन, पाउले अशा चिन्हांनीच सुचवत. बोरोबुदूरच्या कारागिरांपुढे तो संकेत उरला नव्हता. त्यांचा सिद्धार्थ घोड्यावर स्पष्ट दिसतो, आणि टापांखाली देवांनी कमळे धरली आहेत. मारविजयाच्या पटात मारसेनेचे बाण बोधिसत्त्वापर्यंत पोहोचताना फुले होतात.