पळसनाथ मंदिर, पळसदेव
पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात, भिगवणजवळ, उजनी जलाशयात बुडालेले मध्ययुगीन शिवमंदिर. गावात शके १०७९ (इ. स. ११५७) मधील मराठी शिलालेख मिळाला आहे. मंदिराला सर्रास हेमाडपंती म्हटले जाते. पण लेखाचा काळ पाहता, ज्याच्या नावावरून हा शब्द आला त्या हेमाद्री पंडिताच्या शतकभर आधीच गाव नांदते होते.

वास्तूचा खालचा भाग दगडी, तर शिखर विटांचे व भूमिज शैलीचे. या शैलीत शिखराच्या चारही बाजूंना उभे पट्टे असतात आणि त्यांच्यामधल्या जागेत लहान शिखरांच्या ओळी, वर जाताना आकाराने घटत गेलेल्या. अंबरनाथ आणि सिन्नरचा गोंदेश्वर हे तिचे ख्यातनाम नमुने. मात्र तिथे शिखरही दगडी आहे. पळसनाथाचे विटांचे शिखर इतकी वर्षे पाण्याचा मारा सोसून उभे राहिले, हे नवलच. परिसरात वीरगळ व सतीशिळा आहेत.

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जुने गाव पाण्याखाली गेल्याने ते पुणे–सोलापूर रस्त्यालगत पुन्हा वसले, तेथे नवे मंदिर उभारले गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुने शिखर दिसू लागते. मे २०२४ मध्ये जवळपास संपूर्ण मंदिर उघडे पडले होते.