एका टिंबाची गोष्ट: गाणे गुरूच्या घरातून शाळेच्या वर्गात आले तेव्हा

कागदावर ‘नि’ लिहा आणि त्याच्या डोक्यावर एक टिंब द्या. हा निषाद खालच्या सप्तकातला की वरच्या? गाण्याच्या क्लासला गेलेले बहुतेक जण म्हणतील, वरच्या. तार सप्तकाची ती खूण. पण सव्वाशे वर्षांपूर्वी लाहोरमधल्या एका वर्गात बसलेल्या मुलाने हेच टिंब पाहून आवाज खाली नेला असता. त्याला शिकवलेल्या लिपीत ते मंद्र सप्तकाचे चिन्ह होते.

आजचा थ्रेड या टिंबाविषयी आहे. आणि ज्या गवयाने ते फळ्यावर आणले, ज्याने पुढे आमच्या नाशिकला रामनाम आधार आश्रम उभा केला, त्या विष्णु दिगंबर पलुसकरांविषयी.

पलुसकरांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 चा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळ्यांना इजा झाली आणि नेहमीचे शिक्षण थांबले. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांची तालीम सुरू झाली. त्या काळी गाणे शिकणे म्हणजे गुरूच्या घरी राहणे, पडेल ते काम करणे आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा, येईल तेवढे ऐकून गळ्यावर चढवणे. वेळापत्रक नाही, पुस्तक नाही, पहिली इयत्ता नाही. स्वतः बाळकृष्णबुवा विद्येसाठी ग्वाल्हेरपर्यंत गेले होते.

या पद्धतीत एक गोष्ट मात्र आपोआप घडत असे, आणि हा थ्रेड मुख्यतः तिच्यासाठी लिहितो आहे. गुरूसमोर एकच शिष्य बसलेला असे, फार तर दोन-चार. त्याचा गळा कुठे लागतो हे रोज कानावर पडत होते. तंबोरा कोणत्या स्वरात लावायचा हा प्रश्न मग कागदावर सोडवावा लागत नसे.

1896 मध्ये पलुसकरांनी मिरज सोडली. राजाश्रयावर जगणाऱ्या गवयाला मैफलीत वाहवा मिळते, पण समाजात मान मिळत नाही, ही सल चरित्रकार आवर्जून नोंदवतात. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. दरबाराच्या नव्हे, लोकांच्या वर्गणीवर आणि फीवर चालणारी ही संगीतशाळा होती. 1908 मध्ये मुंबईत शाखा निघाली. स्त्रियांसाठी वर्ग होते. शिक्षक घडवण्यासाठी निराळा ‘उपदेशक वर्ग’ होता आणि त्यातल्या मुलांना नऊ वर्षे राहण्याचा करार करावा लागे. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही सारी त्यांच्या हाताखालून गेलेली मंडळी.

वर्ग म्हटला की क्रम आला. आज नाशिकच्या कोणत्याही गल्लीतल्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी जे होते (‘सा रे ग’, मग ‘सा रे ग, रे ग म’ असे अलंकार, हाताने ताल, मग एखादी सोपी बंदिश) ते शाळेतल्या पाठासारखे पायरीपायरीने मांडण्यात पलुसकरांचा मोठा वाटा आहे. मुलांसाठी त्यांनी ‘संगीत बालप्रकाश’ लिहिले. अशी पुस्तके छापण्यासाठी स्वतःचा छापखाना काढला, कारण त्यांच्या लिपीचे खिळे कोण ओतून ठेवणार? प्रत्येक स्वराखाली त्याचा काळ लिहिलेला: एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य, पाव मात्रेला अर्धचंद्र. मंद्र स्वरावर टिंब, तार स्वरावर उभी रेघ.

वि. ना. भातखंड्यांची लिपी याहून सुटसुटीत निघाली. मंद्राचे टिंब खाली, ताराचे वर. एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली एक कंस, की झाले. मुलाच्या डोळ्याला हे लगेच पटते: स्वर खाली, टिंबही खाली. लिहायला आणि छापायलाही सोपे. म्हणून बहुतेक वह्यांत भातखंडे जिंकले आणि डोक्यावरच्या टिंबाचा अर्थ उलटा झाला. तरी लय शिकवायची असेल तर एकदा पलुसकरांची लिपी फळ्यावर जरूर लिहून पाहावी, असे माझे मत. प्रत्येक स्वराचा काळ त्याच्याच पायाशी दिसतो. मुले टाळी देत वाचू शकतात.

या नव्या वर्गाची किंमतही मोजावी लागली. घरंदाज मुलामुलींनी यावे म्हणून शृंगारिक बंदिशींचे शब्द बाजूला सारून भक्तिपदे घातली गेली. बाळकृष्णबुवांचे गुरू वासुदेवबुवा जोशी ज्या हस्सू खाँ-हद्दू खाँ यांच्या परंपरेत शिकले, तिचा उल्लेख प्रार्थनेने सुरू होणाऱ्या वर्गात पुसट होत गेला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे नजरेआड करू नये.

आता मूळ मुद्दा. या दोन्ही लिप्यांत स्वर, सप्तक, काळ, सम, खाली, सगळे लिहिता येते. फक्त ‘सा’ किती उंच, ते लिहिलेले नसते. पाश्चात्त्य लिपीत स्वराची उंची ठरलेली असते. आपल्याकडे ‘सा’ गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे सरकतो. ही लिपीतली त्रुटी नाही. ती जागा शिक्षकाने समोरच्या गळ्यांकडे पाहून भरायची असते. गुरूच्या घरी ती सहज भरली जात होती. चाळीस मुलांच्या वर्गात मात्र कुणीतरी मुद्दाम आठवण ठेवावी लागते.

माझ्या शाळेत ती कुणी ठेवली नव्हती. पेटीचा सूर सरांच्या गळ्याचा, काळी एक, आणि तोच सर्वांचा. माझा आवाज तिथे फाटत असे. चौथीच्या स्नेहसंमेलनात मला सांगण्यात आले, तू नुसते ओठ हलव. मी हलवले. पुढे कितीतरी वर्षे मला वाटत राहिले की मला स्वरज्ञानच नाही.

म्हणून प्राथमिक शाळेत गाणे शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी एवढेच सुचवले. पहिल्या दोन-तीन तासांत वही उघडू नकोस. मुलांना एक ओळ म्हणायला लाव आणि ऐक. मग पेटीवर दोन-तीन वेगवेगळ्या पट्ट्या धरून बघ, बहुतेक गळे कुठे सुखाने बसतात. भूपाचे पाच स्वर पुरेसे आहेत. तार ‘सा’ची घाई नको. जो मागे पडतो त्याच्यासाठी पट्टी बदलून बघ, मगच त्याच्याबद्दल मत बनव. आणि लिपी? गाऊन झालेली ओळ फळ्यावर लिही, म्हणजे मुलांना ती ओळखीची वाटेल.

मुंबईतल्या इमारतीचे कर्ज पलुसकरांना फेडता आले नाही. ती लिलावात गेली. नाशिकच्या आश्रमाच्या काळात पाठ्यपुस्तकांपेक्षा रामनाम मोठे झाले. एकाने म्हणायचे, सगळ्यांनी झेलायचे. इथे कुणाला ओठ हलवायला सांगत असतील असे मला वाटत नाही.

21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत ते गेले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. ‘प्रारंभिक’ ते ‘अलंकार’ या परीक्षा त्याच मंडळाच्या. नाशिकला जन्मलेला त्यांचा मुलगा दत्तात्रेय तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. वडिलांनी घडवलेल्या विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे त्याचे शिक्षण झाले, आणि 1935 मध्ये जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात तो पहिल्यांदा गायला. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता.