चिनी मातीचे घड्याळ

आजोबांचे घड्याळ विकायचे असे आम्ही जवळजवळ ठरवले होते. निळसर अंगावर गुलाबी फुले, सोनेरी कड, पांढरी तबकडी. ‘अस्सल पोर्सिलेन आहे ना?’ घ्यायला आलेल्या गृहस्थांनी विचारले, म्हणून मी ते पहिल्यांदा मागून उघडून पाहिले.

यंत्रावर न्यूयॉर्कच्या ॲन्सोनिया कंपनीचे नाव होते, कवचावर ‘रॉयल बॉन’चा छाप. पहिल्या महायुद्धाआधीच्या काळातली ही जोडी. जर्मनीत बॉनला फ्रान्झ आंतोन मेहलेम यांच्या कारखान्यात कवच भाजायचे आणि त्यात अमेरिकेचे आठ दिवसांच्या चावीचे यंत्र बसवायचे. पुढे १९२९ साली ॲन्सोनियाची यंत्रसामग्री सोव्हिएत संघाने विकत घेतली.

कवचाचा एक टवका उडाला होता. तिथे पाण्याचा थेंब ठेवला, तर मातीने तो शोषून घेतला. खरे पोर्सिलेन पाणी पीत नाही. त्याचे गुपित युरोपला उमगले आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना निघाला. आमचे घड्याळ म्हणजे झिलई दिलेली साधी भाजकी माती. बाजार मात्र त्यालाही पोर्सिलेनच म्हणतो. आजी त्याला ‘चिनी मातीचं’ म्हणायची, लोणच्याच्या बरणीलाही तेच. तिचा शब्द कुठेच चुकला नाही.

अशी घड्याळे युरोपात शेकोटीवरच्या फळीवर मांडत. गिरगावात शेकोटी कुठली? आमचे कोनाड्यात असे, आणि ३९ मिनिटे मागे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली, तरी मुंबईत ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत टिकला. ही वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे. शहराने हट्ट सोडला, आजोबांनी सोडला नाही.

आता मानेसरला ते टीव्हीच्या कपाटावर आहे. खालून कारखान्यांच्या बसगाड्या जातात, त्या मिनिटभरही थांबत नाहीत. पण इथला सूर्यही प्रमाणवेळेच्या सुमारे २२ मिनिटे मागेच चालतो.

गृहस्थांना मी खरे काय ते सांगितले. त्यांनी किंमत निम्म्यावर आणली. मी चहा दिला आणि घड्याळाला चावी दिली. काटे पुढे केले नाहीत.