पोळीचा लाडू, रेल्वेचा केक आणि चॉकलेटचा थर

दिवाळी आटोपली की आमच्या भुसावळच्या गटांकडे एक विचारणा हमखास येते. चॉकलेटमध्ये बुडवलेले केकचे गोळे तुम्ही करून देता का? कुणी त्याला केक बॉल म्हणतं, कुणी काडी खोचून केक पॉप म्हणतं. शाळेचं स्नेहसंमेलन, वाढदिवस, नाताळ, सगळीकडे ते लागतात. शिकवायला येणाऱ्या मॅडम सांगतात की हा एकदम नवा पदार्थ आहे. गटातल्या म्हाताऱ्या बायांना मात्र ते पटत नाही. आम्हालाही पटलं नाही. म्हणून आज कृतीच्या आधी या गोळ्याची कुळकथा सांगतो. ती कळली की गटाने पैसे कशात घालावेत आणि कशात घालू नयेत, तेही आपोआप कळतं.

गोळा फोडून बघा. आत भाजलेल्या केकचा चुरा आहे, तो धरून ठेवायला काहीतरी गोड आणि ओलं आहे, आणि वरून थर आहे. आता रात्रीची उरलेली पोळी घ्या. ती कुस्करायची, गूळ किसून घालायचा, तूप सोडायचं आणि लाडू वळायचा. कुणाकडे त्याला मलिदा म्हणतात, कुणाकडे पोळीचा लाडू. आपल्या खानदेशात वरण-बट्टीचा बेत झाला की बट्ट्या उरतातच. त्या कुटून गूळ-तुपात वळल्या की दुसऱ्या दिवशी पोरांचा डबा झाला. वरचा थर सोडला तर दोन्हींत फरक काय?

या लाडवामागे एक गोष्ट आहे, ती आपण उघड बोलत नाही. घरातलं शिळं कुणी खायचं, तर बाईने. गरम पोळी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात, उरलीसुरली हिच्या वाट्याला. पोळीचा लाडू केला की तेच शिळं सगळ्यांच्या ताटात जायचं, आणि पोरं तर मागून खायची. ही युक्ती ज्या कुणा बाईला पहिल्यांदा सुचली, तिचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही. आम्हाला विचाराल तर ती मोठी हुशार होती.

परदेशातही हेच झालं. डेन्मार्कचे बेकरीवाले दिवसाअखेर उरलेले केक आणि पेस्ट्र्या कुस्करतात, त्यात कोको आणि रमचा स्वाद घालून गोळे वळतात. त्याला ते रोमकुगले म्हणतात, म्हणजे रमचे गोळे. अमेरिकेत अँजी डडली नावाच्या बाईने असे गोळे काडीला लावून, वर रंगीत थर देऊन नटवले. २००८ साली ती तिथल्या टीव्हीवर दिसली आणि केक पॉप घराघरांत गेले. म्हणजे नवं काय, तर काडी आणि नटवणं.

आता केक आपल्याकडे कसा आला ते बघू. त्यासाठी लांब जायला नको, स्टेशनावर जाऊ. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. त्याच कंपनीचे रूळ १८६० नंतरच्या काही वर्षांत आपल्या भुसावळला पोचले. १८६७ मध्ये एक फाटा नागपूरला भिडला आणि १८७० मध्ये दुसऱ्या अंगाने जबलपूरवरून कलकत्त्याशी जोड झाली. दोन मोठे मार्ग जिथे फुटतात ते हे गाव. मग इंजिनांची शेड आली, कारखाना आला, बंगल्यांची वसाहत झाली. तिथे इंग्रज, अँग्लो-इंडियन, पारशी, गोवेकर अशी माणसं राहायला आली. त्यांच्या नाताळाबरोबर केकही आला.

आमच्या गटातल्या एका आजींच्या सासूबाई रेल्वेच्या बंगल्यावर भांडी घासायला जायच्या. नाताळाला तिथली मेमसाहेब केकच्या कडा, तुकडे असं वर्तमानपत्रात बांधून द्यायची. सासूबाई स्वतः खायच्या नाहीत, कारण त्यात अंडं. पण पुडी टाकूनही द्यायच्या नाहीत. पोरांना अंगणात बसवून वाटायच्या आणि नंतर हात धुवायला लावायच्या. केक आमच्या गावात असा आला, मागच्या दाराने आणि कडेच्या तुकड्यांनी. आज अंड्याशिवायचा केक करून त्याच वसाहतीत विकणाऱ्या बाया गटात आहेत.

केक घरात यायला वेळ लागला तो मात्र अंड्यापेक्षा भट्टीमुळे. आपली चूल खालून तापते, केकला आच चारी बाजूंनी लागते. म्हणून आपण वेगळी वाट काढली. मैदा, पिठीसाखर, डालडा असं घरचं सामान डब्यात भरून बेकरीत न्यायचं आणि भट्टीवाल्याकडून नानकटाई, बिस्किटं भाजून आणायची. दिवाळीच्या आधी तिथे पत्र्याच्या डब्यांची रांग लागायची. कुणाचा डबा कुठला म्हणून भांडणंही व्हायची. ज्यांना बेकरी लांब, त्यांनी पातेल्यात वाळू तापवली आणि तिच्यावर भाजलं. नंतर कुकर आला. शिट्टी आणि रबर काढून, तळाला वाळू किंवा मीठ घालून केक करायला बाया एकमेकींकडूनच शिकल्या.

आता थराकडे येऊ, कारण खरी अडचण थराची आहे.

कोकोचं झाड मूळ अमेरिका खंडातलं. तिथले माया आणि अझ्टेक लोक त्याच्या बिया वाटून, मिरची घालून कडू पेय पीत. बिया पैशासारख्या चालत. पुढे स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेलं आणि त्यात साखर पडली, तरी शेकडो वर्षं चॉकलेट प्यायचंच होतं. १८२८ साली नेदरलँड्समधल्या व्हान हौटेनच्या नावाने एक दाबयंत्र निघालं. त्याने कोकोतलं लोणी वेगळं काढता येऊ लागलं. हे लोणी परत जास्तीचं मिसळलं की चॉकलेट पातळ, वाहतं होतं. १८४७ मध्ये इंग्लंडच्या फ्राय कंपनीने चॉकलेटची खायची वडी काढली आणि १८६६ मध्ये साखरेच्या मऊ गाभ्यावर चॉकलेटचा थर दिलेली वडी. थर देण्याची विद्या ती इथली. १८७५ च्या सुमाराला स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटरने त्यात दूध आणलं.

आपल्याकडे गंमत अशी की चॉकलेट यायच्या आधी चॉकलेट हा शब्द आला. खेड्यात अजूनही साखरेच्या गोळीला चॉकलेटच म्हणतात. त्यात आपल्या शेजारच्या रावळगावचा हात मोठा आहे. धुळ्याच्या वाटेवरच्या मालेगाव तालुक्यातलं हे गाव. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९३३ साली तिथे साखर कारखान्याची कंपनी काढली आणि १९४२ पासून गोळ्या बनू लागल्या. रावळगावच्या गोळीने खिसा भरला नाही असं आमच्या वयाचं पोर खानदेशात सापडणार नाही. २०२४ मध्ये त्या गोळ्यांची नावं आणि कृती रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना विकत घेतल्या. ऐकून वाईट वाटलं. पण एक लक्षात घ्या. रावळगावची गोळी आपल्या उन्हात टिकली, कारण ती साखरेची होती. खऱ्या चॉकलेटची कंपनी, कॅडबरी, १९४८ मध्ये भारतात आली. पुढे ठाण्यात तिचा कारखाना झाला, तिथल्या चौकाला लोक अजून कॅडबरी म्हणतात. ते चॉकलेट गावात पोचलं ते दुकानात फ्रीज आल्यावर.

कारण कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं. आपल्या अंगाची ऊब त्याहून जास्त, म्हणून ते जिभेवर विरघळतं आणि म्हणून ते इतकं आवडतं. आणि मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंश ओलांडतो! जे जिभेवर विरघळतं ते इथे दुपारी पिशवीतच विरघळणार. मोठमोठ्यांनीही याच्यापुढे हात टेकले आहेत. १९३७ साली अमेरिकेच्या सैन्याने हर्शी कंपनीला उन्हात न वितळणारी वडी मागितली. अटीत असंही होतं की तिची चव उकडलेल्या बटाट्यापेक्षा फक्त थोडी बरी असावी, नाहीतर शिपाई भूक नसताना खाऊन टाकतील. ओटचं पीठ घालून वडी झाली, उन्हात टिकली, पण शिपायांना आवडली नाही.

आज बाजारात आपल्याला मिळतं ते बहुतेक कंपाऊंड. त्यात कोकोचं लोणी नसून वनस्पतीजन्य स्निग्ध पदार्थ असतो, थोडक्यात डालड्याच्या नात्यातला. ते स्वस्त पडतं, तापवण्या-थंडावण्याचे सोपस्कार लागत नाहीत, आणि उन्हात जरासा जास्त तग धरतं. जरासाच. गिऱ्हाइकाला ते कंपाऊंड आहे असं सांगूनच विका. आणि पाकिटावर ट्रान्स फॅट वाचा. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपाच्या पदार्थांत त्याची मर्यादा दोन टक्के केलेली आहे. सुट्टं, बिननावाचं कंपाऊंड घेऊ नका. भावाचंही बघा. २०२४ मध्ये आफ्रिकेत पीक कमी आलं आणि जगात कोको टनामागे १०,००० डॉलरच्या वर गेला. घानातल्या पावसाने आपल्या गटाचा हिशोब बिघडतो, म्हणून आगाऊ ऑर्डर घेताना भाव महिनाभरापुरताच बांधा.

कृती लिहून घ्या. पाव किलो केक पूर्ण गार झाला की हाताने चुरा करा, कडक कडा काढा. दोन-तीन चमचे कंडेन्स्ड मिल्क घालून मळा. चुरा मुठीत धरला की बसला पाहिजे, हाताला चिकटला नाही पाहिजे. जास्त ओलं झालं तर गोळा खाली बसतो. लिंबाएवढे पंधरा-सोळा गोळे होतात. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. खालच्या कप्प्यात, बर्फाच्या नाही. बर्फासारख्या गार गोळ्यावर गरम थर दिला की आतला गोळा फुगतो आणि वरून तडा जातो. दीडशे ग्रॅम कंपाऊंड बारीक चिरून, गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा. पाणी खदखदू देऊ नका. वाफेचा एक थेंब आत पडला तरी सगळं चॉकलेट घट्ट, रवाळ होतं आणि मग थर बसत नाही. चमचा, भांडं, हात, सगळं कोरडं हवं. काट्यावर गोळा घेऊन बुडवा, काटा भांड्याच्या काठावर आपटून जास्तीचं निथळू द्या आणि बटर पेपरवर ठेवा.

काही जणी विचारतात, कंडेन्स्ड मिल्कऐवजी आपलं केळं घातलं तर? जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि काळं पडलेलं केळं व्यापारी घेत नाही, ते आपल्याकडे पडूनच असतं. चव झकास येते. पण कच्चं केळं कुस्करून चुऱ्यात घातलं तर गोळा दुसऱ्या दिवशी आंबूस लागतो. त्यापेक्षा केळं केकच्या पिठातच घाला, म्हणजे ते भाजलं जाईल.

शिळ्या केकचं काय, असं एकीने गेल्या बैठकीत विचारलं. बेकरीतला आठ दिवसांचा केक स्वस्तात मिळतो, थराखाली कुणाला दिसतंय? आमचं म्हणणं स्पष्ट आहे. पोळीचा लाडू आपण आपल्याच घरात, आपल्या पोळीचा करतो, ती कालची आहे हे आपल्याला ठाऊक असतं. केक कापताना उरलेल्या आपल्याच कडा त्याच दिवशी वापरा, खुशाल वापरा. दुसऱ्याचं शिळं थराखाली झाकून विकणारा गट आम्ही आमच्या यादीत ठेवणार नाही. अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या आणि पाकिटावर केल्याची तारीख घाला.

राहिला कर्जाचा प्रश्न. तीन गटांनी मोठा फ्रीज आणि ओव्हन घ्यायला कर्ज मागितलं आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे लिज्जत झालं. त्यांनी निवडलेला पदार्थ बघा. त्याला फ्रीज लागत नाही, ऊन लागतं. चॉकलेटच्या गोळ्याचा हंगाम आपल्याकडे दिवाळी ते होळी, जेमतेम चार महिने. बारा महिने हप्ता भरायचा आणि चार महिने विकायचं, हा मेळ बसत नाही. वर वीज जाते ती वेगळीच. म्हणून यंदा कर्ज नको, जिच्या घरी फ्रीज आहे तिथे आळीपाळीने बसा, तिला विजेचे पैसे गटातून द्या आणि ते वहीत लिहा.

होळी झाली की चॉकलेटची भांडी धुऊन वर ठेवायची. तोवर ज्वारी भिजत घालायची वेळ होते. बिबडे, कुरडया, नागलीचे पापड यांना गच्चीवर कडक ऊन हवंच असतं, आणि ते भुसावळला फुकट आहे. बिबड्यांच्या ऑर्डरी २० फेब्रुवारीपर्यंत आमच्याकडे कळवा.