ताणा, बाणा आणि न ढळणारा आकार

पांडेसऱ्यात कापडाची जाण घरातूनच येते. म्हणून भूमितीच्या एका अवघड शाखेचा इतिहास कापडापासूनच सांगतो.

कापडाच्या कोणत्याही ठिकाणी तीन मापे घेता येतात: ताण्याची लांबी, बाण्याची लांबी आणि दोघांमधला कोन. १८७८ साली रशियन गणिती चेबिशेव यांनी पॅरिसमध्ये चक्क कपडे बेतण्यावर व्याख्यान दिले. धाग्यांची लांबी कायम राहते, कोन तेवढा बदलतो, आणि सपाट कापड गोल अंगावर बसते, हे त्यांनी गणितात मांडले. त्याआधी, १८५४ मध्ये, जर्मनीत रीमान यांनी कितीही मितींच्या अवकाशासाठी अशा मापांचा तक्ता कल्पिला होता. ताण्याचा बाण्याशी जो कोन, तोच बाण्याचा ताण्याशी. म्हणून तक्त्याच्या दोन्ही बाजू सारख्या. यालाच सममित प्रदिश म्हणतात.

पुढचा प्रश्न असा: हे आकडे हलकेच बदलले, तर आकार बदलतो का? दोन भोकांचे बंदिस्त पृष्ठ घ्या. त्याची वक्रता सगळीकडे सारखी आणि ऋण ठेवली, तरी त्याचा आकार सहा स्वतंत्र प्रकारांनी बदलता येतो. तीन किंवा अधिक मितींच्या तशाच बंदिस्त अवकाशात मात्र असा एकही बदल शक्य नाही. या गुणाला दृढता म्हणतात.

दृढतेच्या इतिहासात मुंबईचे नाव आहे. १९६० साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेत आत्ले सेल्बर्ग यांनी याच जातीचा एक मूलभूत निष्कर्ष मांडला आणि तो तेथेच छापला गेला. काबाली, वेझेंतिनी आणि वेय यांचे कामही त्याच सुमाराचे. १९६८ मध्ये मॉस्टो यांनी आणखी पुढचे सिद्ध केले: अशा अवकाशात फिरून मूळ जागी परतणाऱ्या वाटांची रचना कळली, की सगळी मापे ठरतात. मुंबईच्या रघुनाथन यांचा या विषयावरचा ग्रंथ १९७२ चा. पुढच्याच वर्षी याच विषयावर मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली. श्रीकृष्ण गोपाळराव दाणी यांचे कामही याच परंपरेतले.

हे योगायोगाने घडले नाही. १९४५ साली होमी भाभांनी संस्था उभारली. १९४९ पासून चंद्रशेखरन यांनी तिथे गणिताची शाखा घडवली. आधी बसायला जागा झाली, मग माणसे आली.

आपल्यापैकी अनेकांचे मूळ खानदेशातले. भास्कराचार्यांचा अभिमान आपण सांगतो. पण चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख काय सांगतो, ते आठवा. तेराव्या शतकाच्या आरंभी त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ उभारला आणि त्याला देणगी मिळाली. नातवाने नुसते नाव मिरवले नाही. शिकण्याची सोय केली.

आपल्या वस्तीत उत्सवाची वर्गणी आपण आनंदाने देतो. तिचा एक वाटा अभ्यासाच्या खोलीसाठी, फळ्यासाठी आणि पुस्तकांसाठी काढावा, एवढेच या इतिहासाचे आपल्याकडे मागणे आहे.